शाईचा डाग

तत्त्वाला चिकटून राहणारी माणसे दुरून फार सुंदर दिसतात. चरित्रात, नाटकात किंवा शोकसभेत ती आपल्याला मनापासून आवडतात. तेच गृहस्थ शेजारच्या बिऱ्हाडात राहायला आले, तर मात्र महिन्याभरात आपण दुसरी जागा शोधू लागतो. असाच एक तत्त्वनिष्ठ इसम सध्या माझ्या डोक्यात बिऱ्हाड करून बसला आहे. तो हाडामांसाचा नाही. चित्रांच्या पुस्तकातला आहे.

पुस्तकाचे नाव ‘वॉचमेन’. सोसायटीच्या फाटकाशी स्टुलावर पेंगणाऱ्या गृहस्थांशी याचा काही संबंध नाही! ॲलन मूर यांनी ते लिहिले, डेव्ह गिबन्स यांनी चितारले आणि १९८६-८७ साली अमेरिकेत ते बारा अंकांत प्रसिद्ध झाले. पुण्याहून सुटीत आलेल्या माझ्या भाच्याने ते माझ्या हातात ठेवले. “मामा, यातला रॉरशाक वाचच,” तो म्हणाला.

माझे चित्रकथांचे ज्ञान इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळापाशी थांबलेले. वेताळाचे बरे होते. त्याच्या अंगठीची कवटी ज्याच्या जबड्यावर उमटे, तो दुष्ट असणारच, याबद्दल आम्हां पोरांच्या मनात शंका नसे. रॉरशाकच्या बाबतीत ही सोय नाही.

याचे खरे नाव वॉल्टर कोव्हॅक्स. बुटका, मळका कोट घालणारा, आंघोळीशी फारसे सख्य नसलेला. अंगात कसलीही अद्भुत शक्ती नाही. तोंडावर पांढरा मुखवटा. त्यावरचे काळे डाग सारखे आकार बदलतात, परंतु काळे आणि पांढरे एकमेकांत कधी मिसळत नाहीत. करड्या रंगाला तिथे मज्जाव! स्विस मनोविकारतज्ज्ञ हेर्मान रॉरशाक यांनी १९२१ साली शाईच्या डागांच्या दहा चित्रांची परीक्षा प्रसिद्ध केली. डागात तुम्हांला काय दिसते, यावरून तुमचे मन ओळखायचे. त्यांचेच नाव या गृहस्थाने घेतले आहे.

कथेत १९७७ साली कायदा होतो आणि असल्या स्वयंघोषित रक्षकांवर बंदी येते. बाकीचे निवृत्त होतात किंवा सरकारी नोकरी धरतात. रॉरशाक मात्र कायदा जुमानत नाही. माहिती काढण्यासाठी तो दारूच्या गुत्त्यात शिरतो आणि समोर सापडेल त्याची बोटे मोडतो. एका सहा वर्षांच्या मुलीच्या मारेकऱ्याला तो घरात बेड्या घालून ते घरच पेटवून देतो. हे पान वाचताना, खोटे कशाला सांगू, माझ्या मनात “बरे झाले!” असेच आले. आपण सगळे वर्तमानपत्र वाचून चहाच्या कपावर “अशांना भर चौकात...” म्हणतो, ते वाक्य हा माणूस पुरे करतो.

पत्नीने पुस्तक चाळले आणि निकाल दिला, “अहो, कुलूप तोडून मित्राच्या घरात शिरतो, डब्यातला थंड घेवडा खातो आणि साखरेचे खडे खिशात भरून नेतो. याच्या हाती माणसांचा न्याय द्यायचा?”

“पण मामी, त्याला कुणी विकत घेऊ शकत नाही,” भाचा म्हणाला.

दोघांचेही खरे होते. पंचाईत पुढेच आहे. अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या काठावर उभ्या असताना ओझिमँडियस हा सर्वांत बुद्धिमान नायक परग्रहावरच्या राक्षसाचे सोंग उभे करून न्यूयॉर्कमधली लाखो माणसे मारतो. भ्यालेली राष्ट्रे भांडण विसरून एक होतात. जग वाचते. ज्यांना हे कपट कळते ते सारे शांततेसाठी गप्प राहायचे ठरवतात. एकटा रॉरशाक ‘नाही’ म्हणतो. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात तो मुखवटा काढतो; खालचा चेहरा रडत असतो. आणि त्याचाच एक सहकारी त्याला तिथे संपवतो.

हे वाचून त्याच्यापुढे मान लवते. पण मूर यांनी आधीच एक काटा पेरून ठेवला आहे. अकरा वर्षांचा वॉल्टर बालगृहात एक निबंध लिहितो. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन त्याला आवडतात. त्यांनी जपानवर अणुबॉम्ब टाकले नसते तर आणखी माणसे मेली असती, असे त्याचे म्हणणे. म्हणजे ओझिमँडियसचाच हिशेब! हिरोशिमा दूर होते म्हणून तो पटला आणि न्यूयॉर्क आपले म्हणून पटला नाही, असे तर नव्हे? शिवाय ज्या जुन्या साथीदाराने एका स्त्रीवर हात टाकला, त्याचे ते कृत्य हाच कडवा माणूस देशसेवेच्या नावाखाली किरकोळ ठरवतो. करडा रंग त्या मुखवट्यावर नसेल; मुखवट्याखाली भरपूर होता.

मूर यांनी हे पात्र धडा म्हणून लिहिले, आदर्श म्हणून नव्हे. तरी वाचकांनी त्यालाच डोक्यावर घेतले, आणि खुद्द लेखक अस्वस्थ झाले. मला त्या वाचकांचे नवल वाटत नाही. आपण रोज इतक्या लहानसहान तडजोडी करतो की, एकही न करणारा कुणी दिसला की भान हरपते. एवढेच विसरतो की, आयुष्यभर त्याच्या तत्त्वाची किंमत दुसऱ्यांच्या बोटांनी मोजली. बर्फात उभे असताना ती त्याने स्वतः दिली. मोठेपणा आहे तो त्या एका घटकेचा.

आणि तिथेही पुस्तक आपल्याला सोडत नाही. मरण्यापूर्वी त्याने आपली रोजनिशी एका वर्तमानपत्राला पाठवलेली असते. शेवटच्या पानावर तिथल्या नोकराचा हात कागदांच्या ढिगाकडे जातो, आणि कथा संपते. वही छापली तर सत्य कळेल; कदाचित युद्धही पेटेल.

आमच्या घरात यावर दोन रात्री वाद झाला. भाचा म्हणतो, छापलीच पाहिजे. पत्नी म्हणते, गेलेली माणसे परत यायची नाहीत. जिवंत आहेत त्यांना तरी जगू द्या. माझे मत विचाराल तर, छापावी. लाखो जीव कुणी आणि का घेतले, हे जाणण्याचा हक्क मागे उरलेल्यांचा आहे. तो चार शहाण्यांनी आपसांत ठरवून बुडवू नये. मात्र ती वही लिहिणाऱ्याच्या हाती आमच्या गल्लीचा पहारा द्यायला मी तयार नाही.