वाहत्या पाण्यातली पहिली शर्यत

आपल्या घरांत मुलांना पाण्याविषयी एकच गोष्ट शिकवली जाते : लांब राहा. फुटाळ्यावर गेलात तर काठावर बसा, कन्हानला गेलात तर पाय धुऊन परत या. आईबापांचा यात दोष नाही. दर उन्हाळ्यात खदानीच्या खड्ड्यात, तलावात, नदीच्या डोहात पोहायला गेलेल्या पोरांच्या बातम्या आपण वाचतो. ज्या घरात पोहणे शिकवायला पैसा नाही आणि वेळही नाही, त्या घरात धाक हाच एक उपाय उरतो. आम्ही दोघी बहिणी त्याच धाकात वाढलो. म्हणून २०२५ च्या जानेवारीत आम्ही कोकणातल्या कुंडलिका नदीत होडीच्या शर्यतीला उतरलो हे कळले, तेव्हा गल्लीतल्या बायांनी आधी आमच्याकडे आणि मग आईकडे पाहिले.

हे कसे घडले ते सांगितले पाहिजे, कारण आम्ही काही खेळाडूंच्या घरातल्या नाही. इंदोऱ्याला आमचे दोन खोल्यांचे घर आहे. बाबा कारखान्यात फिटर आहेत, आई शिलाई करते. थोरली एका दुकानात हिशेब लिहिते आणि धाकटी बी. ए. ला आहे. धाकटीने कॉलेजात एनसीसीची नौदल शाखा घेतली तेव्हा घरी वाटले, परेड आणि कवायत असेल. पोहणे आणि वल्ही मारणे हाही त्यातलाच भाग आहे हे पुढे कळले.

तलावातले पाणी वेगळे आणि वाहते पाणी वेगळे, हे मात्र २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्री कळले. नागपूरकरांना ती रात्र आठवत असेल. चार-एक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी फुगली आणि झोपलेल्या वस्त्यांत पाणी शिरले. एनडीआरएफ आणि एसडीआरएफच्या जवानांनी होड्या आणून माणसे बाहेर काढली. काहींचे जीव गेले. आमची मावशी नागनदीच्या काठच्या वस्तीत राहते. ती, काका आणि दोन लेकरे शेजाऱ्यांच्या माडीवर रात्रभर बसून होती. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा गल्लीतून कमरेइतके गढूळ पाणी धावत होते. धाकटीला पोहता येत होते, तरी पाच पावलांवर जाता येईना. पाय टाकला की पायाखालून पाणी ओढून नेई. आम्ही या टोकाला आणि मावशी त्या टोकाला, अशा दुपारपर्यंत उभ्या होतो.

त्यानंतर थोरली वयाच्या तेविसाव्या वर्षी पोहायला शिकली. आणि वाहत्या पाण्याचे शिक्षण कुठे मिळते याचा आम्ही शोध सुरू केला. ते मिळते ते कयाक नावाच्या खेळात.

कयाक ही एका माणसाची लांबट, बंद होडी असते. ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशातले इनुइट लोक सीलच्या कातड्याची अशी होडी करून शिकार करीत. आता ती प्लॅस्टिकची असते. माणूस आत पाय लांब करून बसतो. कमरेभोवती एक रबरी पडदा असतो, तो होडीच्या तोंडाला घट्ट बसवला की आत पाणी येत नाही. हातात दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे. खडकाळ, फेसाळत्या नदीतून अशी होडी काढण्याच्या शर्यती जगभर होतात. त्यातला स्लॅलम हा प्रकार १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला आणि १९९२ च्या बार्सिलोनापासून दर ऑलिंपिकमध्ये आहे. त्यात पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून होडी न्यायची असते. हिरव्या खांबांतून प्रवाहाबरोबर आणि तांबड्या खांबांतून प्रवाहाच्या विरुद्ध. खांबाला स्पर्श झाला की दोन सेकंदांचा दंड, जोडी चुकली की पन्नास सेकंदांचा. आपल्या देशात महेश्वरजवळ नर्मदेच्या सहस्त्रधारेवर हा खेळ चालतो. केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या नद्यांवर २०१३ पासून भर पावसाळ्यात शर्यती भरत आल्या आहेत. महाराष्ट्रात शिकायचे तर रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला जावे लागते. महाडला जाताना हे गाव लागते, पण आपल्या गाड्या तिथे थांबत नाहीत.

कोलाडला शिबिर होते आणि शेवटच्या दिवशी नवशिक्यांची शर्यत. खर्चासाठी थोरलीचा दिवाळीचा बोनस होता. घरी विचारले तेव्हा आईने मशीन थांबवली. म्हणाली, "मावशीचं घर पान्यात गेलं तवा सारे पान्यापासून पयत होते. तुमी काहून पान्याकडे पयता वो?" आमच्याजवळ याला उत्तर नव्हते. बाबा जेवत होते. ते म्हणाले, "जाऊ दे त्यायले. शिकून आल्या तं कोनाच्या तरी कामी येईन." आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने चिवडा करून डब्यात भरला.

विदर्भ एक्स्प्रेसने कल्याण, लोकलने दिवा, तिथून रोह्याची गाडी आणि पुढे एसटी, असा आमचा प्रवास झाला. संध्याकाळी नदी पाहिली तर निराशा झाली. खडक उघडे, मधून घोटाभर पाणी. प्रशिक्षक हसले. म्हणाले, "ताई, आमच्या नदीला टाइमटेबल आहे. सकाळी या."

ते टाइमटेबल विजेचे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळा नदीला मुळशीचे धरण आहे. ज्यांच्या जमिनी त्यात बुडणार होत्या त्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला होता. सेनापती बापट त्याचे पुढारी होते. तरीही धरण झाले. एरवी हे पाणी पूर्वेला भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि बंगालच्या उपसागराला गेले असते. टाटा कंपनीने ते घाटाखाली उतरवून भिऱ्याला १९२७ मध्ये वीजघर सुरू केले. तिथे चाके फिरवून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते आणि पश्चिमेला रेवदंड्याच्या खाडीत जाते. सकाळी वीज तयार झाली की काही तास नदी भरून वाहते, मग ओसरते. नदीच्या खळाळाला एक ते सहा अशा पायऱ्या लावतात. कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या पायरीची आहे, म्हणजे शिकणाऱ्याला झेपेल अशी. पण कमी लेखावी अशीही नव्हे.

पहिल्या दिवशी आम्हाला होडी चालवायला शिकवले नाही. उलटायला शिकवले. होडी पालथी झाली की डोके खाली, पाय वर आणि नाकात पाणी. अशा वेळी घाबरून धडपडायचे नाही. हाताने चाचपून रबरी पडद्याची पट्टी शोधायची, ओढायची आणि होडीतून सुटायचे. हे संथ पाण्यात वीस-वीस वेळा करून घेतले. मग वल्ह्याच्या आधाराने कमरेला झटका देऊन होडीसकट सरळ होणे, ज्याला रोल म्हणतात, ते. धाकटीला दोन दिवसांत जमले, थोरलीला चौथा दिवस लागला.

त्यानंतर पाणी वाचायला शिकवले. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलटे फिरून संथ होते, तिथे होडी विसावते. झाड आडवे पडले असेल तर पाणी फांद्यांतून जाते पण माणूस अडकतो, म्हणून तिकडे जायचेच नाही. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी मागे ओढते आणि माणसाला सोडत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, वाहत्या पाण्यात पडलात तर उभे राहायचा प्रयत्न करू नका. पाय दगडांच्या सापटीत अडकतो आणि मागून येणारे पाणी माणसाला तोंडावर पाडून दाबून धरते. पाठीवर पडा, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि बोटे पाण्याबाहेर ठेवा, हातांनी काठाकडे सरका. हे ऐकताना आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. नागनदीच्या त्या गल्लीत आम्हाला हेच कुणी सांगायला हवे होते.

शर्यतीच्या आदल्या रात्री नियम वाचून दाखवले. हेल्मेट आणि लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात उतरणार नाही. एकेकाला एक मिनिटाच्या अंतराने सोडणार. शेवटी एक नियम सांगितला तो आम्हाला नवा होता. पुढचा स्पर्धक खऱ्या संकटात दिसला तर थांबून मदत करणे बंधनकारक. जो मदत न करता पुढे जाईल तो बाद. वाहत्या पाण्याच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही हे बंधन आहे, असे प्रशिक्षकांनी सांगितले. शाळेत धावण्याच्या शर्यतीत मागे पाहू नका असे शिकलो होतो. इथे पुढच्याला सोडून गेलात तर तुमचा पहिला नंबरही व्यर्थ होता.

सकाळी पाणी आले. चौदा स्पर्धक होते, त्यांत पाच मुली. अंतर सुमारे तीन किलोमीटर. थोरली चौथी सुटली, धाकटी नववी.

थोरली दुसऱ्याच खळाळात उलटली. पहिला रोल फसला, दुसराही फसला. पाण्याखाली आवाज इतका असतो की विचार सुचत नाही. पट्टीकडे हात गेला होता. तेवढ्यात वीस-वीस वेळा केलेला सराव अंगाने आठवला, तिसऱ्या झटक्याला होडी सरळ झाली आणि ती खोकत पुढे निघाली.

धाकटीचे पाणी चांगले लागले होते. पुढची मुलगी तिच्या टप्प्यात आली होती. एका वळणावर, जिथे काठावर दोरी घेऊन कुणी उभे नव्हते, ती मुलगी उलटली, होडीतून सुटली आणि तिची होडी वाहून गेली. ती दुसऱ्या जिल्ह्यातली, तीन दिवसांची ओळख. घाबरून ती उभी राहायला गेली. धाकटी ओरडली, "उभी राहू नको! पाय वर, पाय वर!" ती पाठीवर पडली. धाकटीने आपली वाट सोडली, होडी तिच्याजवळ नेली आणि मागच्या टोकाची कडी धरायला सांगितली. माणूस मागे लोंबकळला की कयाक दगडासारखी जड होते. आपल्या कयाकला खडकामागच्या संथ पाण्यात पोचवेपर्यंत धाकटीचे खांदे भरून आले. शिटी तीनदा वाजवली, तेव्हा माणसे धावत आली. मुलीचा गुडघा सोलला होता, बाकी ती ठीक होती. थरथरत तिने धाकटीचा हात बराच वेळ सोडला नाही.

आयोजकांनी धाकटीला पुन्हा एकदा उतरायची संधी दिली. होडी वर नेईपर्यंत खडकांची डोकी दिसू लागली होती. वीजघराचे पाणी संपले होते. नदी कुणासाठी थांबत नाही, असे म्हणून सगळे हसले. निकालात थोरली नववी आणि धाकटी तेरावी. चौदावी जागा त्या मुलीची.

धाकटीला वाईट वाटले का, असे लोक विचारतात. वाटले. तिची वल्ही त्या दिवशी जमून आली होती आणि असा दिवस पुन्हा कधी येईल कोण जाणे. पण नागनदीच्या गल्लीत ती पाच पावलेही पुढे जाऊ शकली नव्हती, आणि इथे भर धारेत एका माणसापर्यंत पोचून त्याला काठाला आणू शकली. आम्ही नागपूरहून निघालो ते एवढ्यासाठीच निघालो होतो.

एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आमचे हे लिखाण वाचून कुणी मुलांना कन्हानच्या धारेत सोडू नये. प्रशिक्षक, हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि काठावर दोरी घेऊन उभी माणसे, एवढे असल्याशिवाय आम्हीही पाण्यात पाय टाकत नाही. पोहायला शिकवायचे तर आधी संथ, राखणदार असलेल्या तलावात शिकवावे. आणि मुलींना आधी शिकवावे, कारण मुलांना निदान विचारले तरी जाते.

घरी आल्यावर आईने नंबर विचारला नाही. अंगावर जखम आहे का तेवढे पाहिले. आठवड्याने त्या मुलीच्या आईचा फोन आला. दोघी आया अर्धा तास बोलल्या, काय बोलल्या ते आम्हाला सांगितले नाही. संध्याकाळी समोरच्या घरची काकू तिच्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. आईनेच तिला बोलावले होते. म्हणाली, "आयतवारी पोहाले जासान तं हिलेबी घेऊन जा. अन् आधी उलटाले शिकवा मनावं."