बांधाची खांड

केरीहून फेरीबोटीने तेरेखोलास जाणाऱ्या पाहुण्यास पलीकडचा किल्ला दिसतो, अलीकडचे सुरू दिसतात. नदीकाठची आमची खाजन शेते मात्र सहसा कोणाच्या नजरेत भरत नाहीत. भरतीच्या पाण्याहून ती सखल आहेत. मातीचा बांध आणि त्यातील लाकडी दारांचे मानस, एवढ्याच भरवशावर आमचे भात उभे असते. ओहोटीस दारे उघडतात, भरतीस मिटतात. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे.

काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणाने आमच्या बांधास खांड पडली. खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपत होते, ते आम्ही पाहिलेही होते. पूर्वी अशा वेळी घरटी एक माणूस कुदळ-टोपली घेऊन निघे. ओहोटीच्या पाच-सहा तासांत खुंट ठोकून, पेंढा व चिखल भरून खांड बुजवावी लागे. त्या रात्री बांधावर आम्ही सातच जण होतो. त्यांतला एक म्हणाला, "आज बुजविली तर उद्या पंचनाम्याला येणाऱ्या साहेबांस दाखवणार काय?"

वाचकहो, आम्ही ते ऐकले आणि टोपल्या खाली ठेवल्या.

साहेब तिसऱ्या दिवशी आले. तोवर भरतीने चार-पाच वेळा आत शिरून हातभर खांडीचे खिंडार केले होते. पुढे शेतकरी आधार निधीचे पैसे आमच्या खात्यांत जमा झाले; ज्याच्या नावे एक-चौदाचा उतारा, त्यास क्षेत्राप्रमाणे. आम्ही ते घेतले. मदत वाईट, असे आमचे म्हणणे नाही. २०१९ च्या ऑगस्टात तिळारीचे पाणी साळ-इब्रामपूरकडे शिरले, तेव्हा अशा मदतीवाचून लोकांनी काय केले असते? पण ही मदत बुडालेल्या पिकाची भरपाई आहे, आणि पीक ज्याचे त्याचे असते. बांध तसा नाही. १९६४ च्या कूळ कायद्याखाली १९७५ साली जे नियम झाले, त्यांत बांध राखण्याची कुळांची जबाबदारी संयुक्तच मानली आहे. सरकारही बांध दुरुस्त करते, परंतु अंदाजपत्रक आणि निविदा भरतीचे वेळापत्रक पाहत नाहीत. अमेरिकेत १९७८ च्या एका कायद्याने आपत्तीनंतर जमीन पूर्ववत करण्याच्या खर्चाचा पाऊण हिस्सापर्यंत सरकार उचलते. तेथे पैसा पिकास नव्हे, मातीच्या दुरुस्तीस मिळतो. तेथेही कागद लागत असणारच.

आमच्या शेताखाली एका विधवा काकींचा तुकडा आहे. जमीन दुसऱ्याच्या नावे, कसणे त्यांचे. सर्वांत सखल म्हणून खारे पाणी तेथेच साचून राहिले, आणि उतारा नसल्याने त्यांस एक पैसाही मिळाला नाही. मातीत मुरलेले मीठ एका पावसाने जात नाही. दोन-तीन पावसाळे लागतात.

आमच्या पैशांतला वाटा घेऊन आम्ही त्यांच्या दारी गेलो. त्यांनी तो घेतला नाही. "पैसे ठेवा बाबांनो," त्या म्हणाल्या, "चैत्रात माझ्या अंगच्या बांधावर चिखल घाला म्हणजे झाले."

चैत्रात आम्ही गेलो. या खेपेस सातांचे अकरा झालो होतो. पावसात काकींनी कोरगुट पेरले. खाऱ्या मातीत तग धरणारे हेच आमचे जुने भात. मानसाकडच्या अर्ध्या तुकड्यात ते बरे उगवले. उरलेला अर्धा अजून पांढराच आहे.