रिकामा रकाना

मराठीच्या प्राध्यापकाला तक्त्यांचे वावडे असते, असा एक समज आहे. आणि तो अगदीच निराधार नाही. विभक्तीच्या प्रत्ययांचा तक्ता सोडला, तर आम्हां मंडळींचा उभ्याआडव्या रेघांशी फारसा संबंध येत नाही. असे असूनही, पंचेचाळिशी उलटल्यावर मी डेटाबेस नावाची विद्या शिकावयास बसलो. घरी सौभाग्यवतींनी विचारले, “आता या वयात?” मी म्हटले, “केशवसुत शिकवायला वयाची अट नाही, तर याला का असावी?” उत्तर फारसे पटले नसावे, पण चहा मिळाला.

कारण साधे होते. पूर्णेच्या आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांच्या नोंदींचे काम माझ्याकडे आले. प्रवेशाची वही निराळी, शिष्यवृत्तीची निराळी, परीक्षेची निराळी. प्रत्येकीत तेच नाव, तेच गाव पुन्हा लिहिलेले. एकीत गाव ‘ताडकळस’, तर दुसरीत नुसतेच ‘ता. पूर्णा’. आमच्याच कॉलेजात शिकून आता तेथेच संगणक शिकविणारा एक तरुण माझा गुरू झाला. चार लोकांत मी त्याला ‘सर’ म्हणतो, दोघेच असलो की ‘अरे’. तो मात्र दोन्ही वेळा मला ‘सर’च म्हणतो.

त्याचा पहिला धडा एका वाक्याचा होता. “सर, एक गोष्ट एकदाच लिहायची.” विद्यार्थ्यांचा तक्ता वेगळा, गावांचा वेगळा, तालुक्यांचा वेगळा. विद्यार्थ्यापुढे गावाचा फक्त क्रमांक, गावापुढे तालुक्याचा. मला पटकन कळले ते हिंगोलीमुळे. 1999 साली हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला आणि कितीतरी गावांपुढचे ‘जि. परभणी’ एका दिवसात जुने झाले. वह्यांत ते गावागावापुढे खोडीत बसावे लागते. तक्त्यांत मात्र तेवढ्या तालुक्यांच्या ओळी बदलल्या की काम झाले. गावांना आणि विद्यार्थ्यांना हात लावावा लागत नाही.

ही कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाची. इंग्लंडात जन्मलेला, ऑक्सफर्डला शिकलेला हा गृहस्थ अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीत काम करीत असे. त्याच्या आधी यंत्रातली माहिती काढावयाची, तर ती आत कोणत्या वाटेने ठेवली आहे ते ठाऊक असावे लागे. जुन्या वाड्यातली वस्तू जशी फक्त आजीलाच सापडते, तसे. 1970 साली कॉडने एक निबंध लिहून सांगितले, की माहिती साध्या तक्त्यांत मांडावी, तक्त्यांचे नाते त्यांतल्या मूल्यांनीच जुळवावे, आणि आतल्या वाटा यंत्राने सांभाळाव्या. 1981 साली त्याला ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

दुसरा धडा किल्लीचा. प्रत्येक ओळीला अशी एक खूण हवी, की जी दुसऱ्या कोणत्याच ओळीला नाही. मी म्हटले, “नाव आहे की!” गुरुजी हसले. पण मग मलाच आमची नदी आठवली. गावाला जिचे नाव आहे, ती पूर्णा येलदरीच्या धरणातून येते आणि गोदावरीला मिळते. आमच्या स्टेशनातून अकोल्याकडे गाडी जाते. त्या जिल्ह्यातली पूर्णा निराळी, ती तापीची लेक. गुजरातेत नवसारीजवळून समुद्राला मिळते, ती आणखी तिसरी. नावाच्या भरवशावर राहिलो, तर एकीचा पूर दुसरीच्या खाती जमा व्हावयाचा! आमच्या वाङ्मयाच्या इतिहासातही हेच झाले आहे. नामदेवांच्या गाथेत पुढच्या काळातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळून गेले. कारण इकडेही ‘नामा’ आणि तिकडेही ‘नामा’. ते निवडताना विद्वानांचे केस पांढरे झाले. रेल्वेवाले शहाणे, त्यांनी स्टेशनला नाव दिले आणि वर ‘पी.ए.यू.’ अशी तीन अक्षरांची निराळी खूणही दिली.

मग प्रश्न विचारण्याची भाषा आली. 1974 साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ती ‘सीक्वेल’ या नावाने मांडली. पुढे तिचे ‘एस.क्यू.एल.’ झाले. तीत कसे शोधावे ते सांगावयाचे नसते. काय हवे तेवढेच सांगावयाचे. वाक्य इंग्रजी वळणाचे असते. ‘सिलेक्ट’, म्हणजे ‘दाखव’, हे क्रियापद आधी येते. मग ‘फ्रॉम’ म्हणून तक्त्याचे नाव आणि ‘व्हेअर’ म्हणून अट. परंतु गुरुजींनी एक गंमत सांगितली. अर्थ लावताना आधी तक्ता धरतात, मग अट आणि काय दाखवावयाचे ते त्यानंतर. ‘विद्यार्थ्यांच्या तक्त्यातून, ज्यांचे गाव ताडकळस आहे, त्यांची नावे दाखव.’ हे तर चांगले मराठी वाक्य झाले! मला त्या दिवसापासून या भाषेविषयी आपुलकी वाटू लागली.

या भाषेत ‘नल’ नावाचा एक चमत्कार आहे. नाव ऐकताच मला दमयंती आठवली. पण हा नल म्हणजे रिकामा रकाना. तो शून्य नव्हे आणि ‘नाही’ही नव्हे; ‘ठाऊक नाही’ एवढाच त्याचा अर्थ. ज्यांच्या वडिलांचा व्यवसाय शेती आहे, त्यांची यादी मी मागितली. नंतर ज्यांचा शेती नाही, त्यांची मागितली. दोन्ही याद्यांची बेरीज वर्गाएवढी होईना! ज्यांचा रकाना रिकामा होता, ते विद्यार्थी ना इकडे होते, ना तिकडे. ‘रिकामे कोणाचे आहे’ असे मुद्दाम विचारले, तेव्हाच ते समोर आले.

शेवटचा धडा तक्ते जोडण्याचा. मनमाड–सिकंदराबाद मार्गाला अकोल्याची वाट जेथे मिळते, त्या जंक्शनच्या गावात राहणाऱ्याला ‘जॉइन’ शिकवावा लागू नये. साधा जॉइन दोन्ही तक्त्यांत जुळणाऱ्याच ओळी देतो. ‘लेफ्ट जॉइन’ मात्र पहिल्या तक्त्यातल्या कोणालाही सोडीत नाही. ज्याची जोडी मिळाली नाही, त्याच्यापुढे रकाना रिकामा ठेवतो. मी एका बाजूला प्रवेशाचा तक्ता घेतला, दुसऱ्या बाजूला परीक्षेच्या अर्जांचा; आणि विचारले, ‘अर्ज कोणाचा नाही?’

पडद्यावर 19 नावे आली. आजवर परीक्षा विभागाकडून येत असे ती अर्ज भरणाऱ्यांची यादी. न भरणाऱ्यांची यादी कोणी मागितलीच नव्हती.

गावांच्या तक्त्याशी जोडून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. दिवाळी सरली, की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या वहीत उचल लिहिलेली असते आणि त्यापुढे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी; दोन माणसांची एक ओळ. त्यांच्याबरोबर जाऊन कोपीवर स्वयंपाक करणारी, धाकटी भावंडे सांभाळणारी मुलगी कोणत्याच रकान्यात नसते. ती आमच्या प्रवेशाच्या तक्त्यात होती. पण पुढचा रकाना रिकामा.

आम्ही दोघांनी एकेकाला फोन लावला. काही फोन बंद होते. एका मुलीने उचलला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. तिने विचारले, “सर, माझं नाव अजून हाय का कॉलेजात?” मी म्हटले, “आहे बाई, पहिल्याच तक्त्यात आहे.” अर्जाची मुदत संपावयाला चार दिवस होते. तिचा अर्ज भरला गेला. तिच्यासह अकरा जणांचा. आठ रकाने रिकामेच राहिले आणि त्यांतल्या तिघांचा पत्ता मला अजूनही लागलेला नाही.

लोक म्हणतात, यंत्राला हृदय नसते. नसेल. पण त्याला कंटाळाही नसतो. एखादे नाव सोडून द्यावे, असे त्याच्या मनात येत नाही. अट एवढीच, की कोणी तरी ते नाव विचारले पाहिजे.

यंदा तो प्रश्न मी सुट्टी लागण्यापूर्वीच विचारला. ज्या गावांतून टोळ्या जातात, तेथल्या मुलामुलींची यादी काढली, आणि मुदत उघडल्याबरोबर घरून भरता यावेत म्हणून त्यांची कागदपत्रे व फोन क्रमांक आधीच घेऊन ठेवले. आईचा, मामाचा, शेजाऱ्याचा, जो मिळेल तो. त्यासाठी तक्त्यात एक नवा रकाना पाडावा लागला. गुरुजींनी विचारले, “सर, याला नाव काय देऊ?” मी म्हटले, “अरे, ‘निरोप कोणाकडे’ असे दे.”