ऑइल पंप आणि एक वॉशर

ट्रकचे इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधण्याच्या कामाला गॅरेजच्या भाषेत ‘फुल इंजिन काम’ म्हणतात, आणि त्यात लायनर, पिस्टन, रिंगा व बेअरिंगे बदलायची हे गृहीतच असते. क्रँकशाफ्ट घासून ‘अंडरसाइज’, म्हणजे मूळ मापापेक्षा पाव किंवा अर्धा मिलिमीटर बारीक, केला जातो आणि त्याला जुळणारी जास्त जाडीची बेअरिंगे बसवली जातात. ऑइल पंपाचा विचार मात्र बहुधा अगदी शेवटी, आणि तोही खर्चाच्या अंगाने होतो. वास्तविक बेअरिंगांपर्यंत पोहोचणारे तेल फिल्टरमधून गाळून आलेले असते, पण पंप फिल्टरच्या अलीकडे असल्यामुळे तो इंजिनाखालच्या चेंबरमधले तेल केवळ एका जाळीतून ओढतो, आणि एखादे बेअरिंग गेले की त्याचा बारीक चुरा सर्वांत आधी पंपाच्या दातांमधून जातो. म्हणूनच बेअरिंग गेलेल्या इंजिनातला पंप पुन्हा वापरू नये, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत झाले होते, आणि ते होण्यास त्याच्या स्वतःच्या ट्रकचे दोनदा करावे लागलेले काम कारणीभूत होते.

या ट्रकला टाटांचे ६९७ जातीचे इंजिन होते. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर असा त्या आकड्याचा अर्थ असून, टाटांची टेल्को कंपनी व डायम्लर-बेंझ यांच्यात १९५४ साली सुरू झालेल्या सहकार्यातून आलेल्या इंजिनांच्या घराण्यातले ते आहे. इतकी वर्षे रस्त्यावर असलेल्या इंजिनाचे सुटे भाग गावोगावी आणि अनेक उत्पादकांचे मिळतात, त्यामुळे प्रश्न भाग मिळण्याचा नसून निवडण्याचा असतो.

पहिल्या कामाच्या अंदाजपत्रकात नव्या पंपाची ओळ होती आणि ‘जुना चांगला आहे’ या मिस्त्रींच्या शब्दावर लेखकानेच ती वगळण्यास संमती दिली, हे येथे नोंदवले पाहिजे. ट्रक ताब्यात देताना सकाळी थंड इंजिन सुरू करून तेलाच्या दाबाच्या गेजचा काटा दाखवण्यात आला. तो साडेपाच किलोवर होता, आणि त्यावर सर्वांचे समाधान झाले. तीन आठवड्यांनी वाशीहून सांगलीकडे भरल्या गाडीने परतताना बोरघाट चढून ट्रक लोणावळ्यात थांबला, तेव्हा आयडलिंगला तोच काटा शून्याला टेकला होता आणि खालून ठोक्याचा आवाज येत होता. एक कॉनरॉड बेअरिंग गेले होते.

दुसऱ्या गॅरेजमध्ये इंजिन उघडल्यावर जी गोष्ट निघाली ती पंपाहूनही अधिक जिव्हारी लागणारी होती: रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली कोणीतरी एक जाड वॉशर घातलेला होता. या वॉशरचा अर्थ कळण्यासाठी हे समजून घ्यावे लागते की पंप दाब निर्माण करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. दाब निर्माण होतो तो बेअरिंगांच्या अरुंद फटीतून तेल बाहेर पडताना होणाऱ्या अडथळ्यामुळे. तेल थंड आणि घट्ट असताना हा दाब जास्त चढू नये म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जादा तेल चेंबरमध्ये परत सोडतो, आणि स्प्रिंगखाली वॉशर घातला की तो उशिरा उघडतो, म्हणजे थंड इंजिनावर काटा अधिक वर चढतो. परंतु इंजिन तापून तेल पातळ झाले आणि फेरे कमी झाले की हा व्हॉल्व्ह मुळातच बंद असतो. बंद व्हॉल्व्हची स्प्रिंग कितीही कडक केली तरी बेअरिंगाला एक थेंबही जास्त मिळत नाही. तेव्हा हा वॉशर इंजिनासाठी घातलेला नव्हता, तर सकाळी गेजकडे पाहणाऱ्या गिऱ्हाइकासाठी घातलेला होता. घासलेला पंप पुन्हा बसवणे ही चूक असू शकते, आणि तिच्यात मालकाचाही वाटा असू शकतो. पंप कमी पडतो हे ठाऊक असल्याशिवाय मात्र कोणी वॉशर शोधायला जात नाही. पहिल्या गॅरेजने तो आपण घातल्याचे कधीच मान्य केले नाही. गाडी ताब्यात घेताना थंड इंजिनाचा दाब पाहूच नये, निदान तासभर भार ओढवून मग आयडलिंगचा काटा पाहावा.

दुसऱ्या वेळी काहींनी रुंद गिअरांचा, म्हणजे दर फेऱ्याला अधिक तेल उचलणारा पंप सुचवला होता, आणि गरम आयडलिंगला त्याचा उपयोग होतो हे खरे आहे. पण वेगात जादा तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून परतच जाते, ताकद खाते आणि तेल तापवते, शिवाय माप चुकलेल्या बेअरिंगांचे दुखणे त्याने झाकले जाते. त्यामुळे मूळ मापाचा नवा पंप आणला गेला. पट्टी ठेवून फिलर गेजने मोजता गिअरची बाजू आणि कव्हर यांतील फट ०.१६ मिलिमीटर भरली. जुन्या पंपाची ०.१८ होती. अशा फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली तर त्याच तेलाची त्याच दाबाला आठपट गळती होते. मग नव्या खोक्यातून आलेला हा पंप जुन्याहून फारसा वेगळा कसा मानावा? अखेर जुन्याच पंपाच्या बॉडीचे तोंड व कव्हर घासून, आत नवे गिअर घालून फट ०.०६ वर आणली गेली आणि तोच बसवला गेला. जुना पंप पुन्हा वापरू नये हे मत लेखकाने असे स्वतःच मोडले, आणि तरीही इतरांना विचारल्यावर तो पहिले मतच सांगतो, कारण मोजून काम करणारा मिस्त्री प्रत्येकाला भेटतोच असे नाही.

बसवण्यापूर्वी पंप तेलाने भरून घेतला, आणि डिझेल बंद ठेवून, काटा हलेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा वेळ मारला. वॉशर अर्थातच काढून टाकला होता. आता लोणावळ्यात गाडी थांबली की गरम आयडलिंगला सव्वा किलो दाब दिसतो, थंड असताना मात्र जेमतेम साडेचार. आणि रोज पहाटे गाडी सुरू करणाऱ्या चालकाला पूर्वीचा साडेपाचचा काटा आठवत असल्याने, इंजिनात काहीतरी कमी राहून गेले आहे ही त्याची शंका अजून गेलेली नाही.