जाड म्हणजे उबदार नव्हे!

डिसेंबरात बाबांना घेऊन केदारकंठाला जातोय. साधारण साडेबारा हजार फूट, आणि बाबा म्हणतात, "माझी जाड जीन्स आहे की!"

तर मंडळी, सुती कापड घाम पितं, वितळलेला बर्फही पितं, लवकर वाळत नाही आणि ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेतं. ऊब खरं तर अडकलेल्या हवेत असते. म्हणून थर हवेत: अंगालगत घाम बाहेर सोडणारं थर्मल, त्यावर फ्लीसची पँट, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारी. घट्ट मात्र नको, हवेला जागा कुठे उरणार? चढताना एक थर काढायचा, थांबलं की लगेच चढवायचा.

बाबा एकसष्ट वर्षांचे. थंडी वाजतेय हे ते कधीच सांगणार नाहीत. तेव्हा प्रत्येक थांब्यावर मीच विचारणार... नव्हे, सरळ जॅकेटच पुढे करणार.