टोप्यांचे कपाट

टोपीबद्दल आपल्या भाषेचे मत फारसे चांगले नाही. कुणी कुणाला फसवले की टोपी घातली, शब्द बदलला की टोपी फिरवली, उसनवारीवर दिवस काढले की याची टोपी त्याच्या डोक्यावर. आणि घराच्या जागेसाठी पावतीवाचून जी रक्कम मोजावी लागते तिचे नाव पगडी. कानडीतही तीच तऱ्हा. कुणी 'टोपी हाकिद' म्हटले की आमच्या वर्गात दोन्ही भाषांच्या बाकांवर एकदमच हशा पिकतो, भाषांतराची गरज पडत नाही. अशा बदनाम वस्तूचा छंद मला लागला याचे घरच्यांना नवल वाटते, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटते. इतर मुले पोस्टाची तिकिटे जमवतात, ती पाकिटात मावतात. टोपीचे तसे नाही. ती रिकामी असली तरी एका डोक्याची जागा अडवते.

आजमितीस माझ्या कपाटात सतरा नग आहेत. त्यांत सर्वांत जुनी आहे ती साहेबी सोला हॅट, कॅम्पाच्या बाजूला जुन्या सामानाचे एक दुकान आहे तिथे मिळाली. बेळगावात कँटोन्मेंट असल्याने अशा वस्तू अधूनमधून बाहेर येतात. बंगला पाडला की कपबशा, आरामखुर्च्या, काठ्या आणि एखादी हॅट दुकानदाराच्या पायरीवर येऊन बसते. 'सोला' म्हणजे सूर्य अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. शोला नावाची एक पाणवनस्पती आहे, तिचा आतला पांढरा गाभा भेंडासारखा हलका असतो, त्याची ही हॅट. बंगालात नवऱ्या मुलाच्या डोक्यावर जो उंच पांढरा टोपोर चढवतात तोही ह्याच शोल्याचा. म्हणजे कलेक्टरसाहेब ज्या ऐटीत दौऱ्यावर निघत ती ऐट बोहल्यावरच्या बंगाली नवरदेवाच्या जातकुळीची होती, हे समजल्यापासून मला ती हॅट जास्त आवडू लागली.

फेल्टची हॅट घेणे हे मात्र जोखमीचे काम. दुकानदार ती नेहमी चिमटीत धरून पुढे करतो, आणि तिथेच घडीचा कोपरा झिजून भोक पडलेले असते. म्हणून हॅट प्रथम उजेडासमोर धरावी. कसरीने खाल्ले असेल तर चांदण्या दिसतात. मग आतली कातडी पट्टी बोटाने उलटून पाहावी. नंबर, बनवणाराचे नाव, कधी मालकाची आद्याक्षरे, सगळे त्या पट्टीवर किंवा तिच्या मागे असते. पट्टी कडक होऊन तडकली असेल तर भाव निम्म्यावर आणावा. नंबराचे गणित सोपे आहे. डोक्याचा घेर इंचांत मोजून त्याला ३.१४ ने भागले की नंबर जवळपास येतो. घेर २२ इंच असेल तर नंबर ७. (शाळेत पाय कशाला शिकवतात, असे विचारणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला मी हे उदाहरण दिले. त्याचे समाधान झाले नाही.) घरी आणल्यावर हॅट कडेवर ठेवू नये, कड सपाट होते, पालथी न ठेवता टाळूवर उताणी ठेवावी.

आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी मात्र मला वेगळीच तंबी दिली. पूर्वी सशाच्या किंवा बीव्हरच्या केसांपासून फेल्ट करताना त्या केसांना पाऱ्याचे नायट्रेट चोळीत. त्याने केस एकमेकांत चांगले गुंतत, पण त्या वाफेत रोज काम करणाऱ्या कारागिरांचे हात थरथरू लागत, जीभ अडखळे, स्वभाव बदले. इंग्रजीत वेड्या माणसाला हॅटवाल्याची उपमा देतात, तिचा संबंध पुष्कळजण ह्या दुखण्याशी लावतात. अमेरिकेत फेल्टसाठी पारा वापरणे १९४१ साली थांबले. तेव्हा त्याआधीची फेल्ट हॅट हाताळून झाली की मी साबणाने हात धुतो आणि ती डोक्यावर घालीत नाही. एखाद्या बाबूच्या रुबाबासाठी कोण कुठला कारागीर आयुष्यभर थरथरला, हा विचार काही साबणाने जात नाही.

पनामा हॅट माझ्याकडे नाही. खरी विणीची पनामा माझ्या खिशाला झेपणारी नाही आणि कागदी दोऱ्याची नक्कल घ्यायची नाही असे मी ठरवले आहे. गंमत म्हणजे ही हॅट पनामाची नव्हेच, ती इक्वेडोरची. तिथल्या तोकिया नावाच्या ताडासारख्या झाडाच्या पानांपासून ती विणतात. माल पनामामार्गे जगभर जाई म्हणून नाव पनामाला मिळाले. १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पनामा कालव्याचे काम पाहायला गेले, तेव्हाचे त्यांचे हॅटमधले छायाचित्र गाजले आणि चुकीचे नाव पक्के झाले. मालाचे मोल विणणाराला आणि नाव बंदराला, हे बेळगावकरांना नवे नाही. आमच्या आसपासच्या गावांतली भाजीसुद्धा गोव्यात पोचली की बेळगावची होते.

नावावरून आठवले. माझ्याकडची सर्वांत स्वस्त टोपी म्हणजे गांधी टोपी. खादीची, घडी करून खिशात ठेवण्याजोगी. असहकाराच्या दिवसांत सरकारी कचेऱ्यांना ती डोळ्यांसमोर नको असे. पंढरीचा वारकरी आणि मुंबईचा डबेवाला पांढरी टोपी अजूनही घालतात. पण ज्यांचे नाव तिला मिळाले त्यांनी स्वतः ती थोडीच वर्षे घातली. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरेत त्यांनी पंचा पत्करला, आणि डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा अध्यक्ष गांधीजी बोडक्यानेच बसले होते. त्यांनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकच अधिवेशन. पूर्वी पुरुषाने बोडक्याने बाहेर पडणे म्हणजे घरात सुतक आहे असे समजत. समोर टोप्याच टोप्या आणि अध्यक्ष उघड्या डोक्याचा, हे दृश्य आपल्या टिळकवाडीत झाले, याचा विचार काँग्रेस विहिरीवरून जाताना माझ्या मनात हमखास येतो.

आता पेट्याविषयी. गेल्या वर्षी आमची सहल म्हैसूरला गेली होती. तिथून सर्वांनी चंदनाच्या अगरबत्त्या आणि म्हैसूरपाक आणला. मी साडेचारशे रुपये देऊन जरीच्या काठाचा म्हैसुरी पेटा आणला. घरी पिशवी उघडली तेव्हा काका समोर बसले होते.

"हे कशाला आणलास रे?"

माझे काका शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या रात्री गल्लीतल्या दोन दोन डझन पोरांना भगवे फेटे बांधतात. जून १९८६ च्या आंदोलनाच्या वेळी ते आमच्याच वयाचे होते. त्याविषयी ते फारसे बोलत नाहीत, पण घरात कुठली वस्तू कुठून आली हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मी विश्वेश्वरय्यांचे नाव पुढे केले. पेटा म्हटला की तेच डोळ्यांसमोर येतात. आणि ते शिकले पुण्याच्या सायन्स कॉलेजात, नोकरीला लागले मुंबई इलाख्यात, खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारी दारे त्यांनी बसवली ती १९०३ साली. म्हैसूरचे दिवाण ते नंतर, १९१२ मध्ये झाले.

"इंजिनिअर मोठा माणूस होता. पण त्याच्या पेट्याचं आपल्याकडं काय काम?" एवढे बोलून काका उठले. मीही पेटा पिशवीत घातला आणि विषय वाढवला नाही. आमच्या घरात विषय न वाढवण्याची कला सर्वांनाच थोडीफार येते.

रात्री पाणी प्यायला उठलो तो बाहेरच्या खोलीत दिवा. काका टेबलाशी बसून पेटा उलटासुलटा करून पाहत होते.

"घड्या बघ," मला पाहून म्हणाले. "एक वाकडी नाही. हात बसायला पाहिजे ह्याला. आणि हे आपल्या फेट्यासारखं दर खेपेला डोक्यावर बांधायचं नव्हे की. आधी बांधून, टाचून ठेवलंय. ही पगडीची जात."

मला ते सुचले नव्हते. मी आपला 'पेटा' आणि 'फेटा' यांत एका गाठीचा फरक म्हणून खूश होतो. काकांच्या हातांना मात्र वस्तू कळली होती. आतून कागद कोंबून ठेव नाहीतर बसेल, असे सांगून ते झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अट घातली की हा खालच्या खणात राहील, फेट्याच्या वरती नाही. मी मानली.

गेल्या महिन्यात बैलहोंगलचा माझा वर्गमित्र घरी आला. त्याचे आज्जा अजून पांढरा रुमाल बांधतात. कानडीत त्या पटक्याला रुमाल म्हणतात. काकांनी त्याला विचारले, आज्जा गाठ कुठल्या बाजूला घेतात? त्याला सांगता येईना. तुला बांधता येतो काय, तर तेही नाही. मला हसू आले, तेव्हा काकांनी माझ्याकडे वळून विचारले, "आणि तू? फेटा तुला येतो बांधायला?" सतरा टोप्यांचा मालक गप्प बसला. मग त्यांनी आपला फेटा काढला आणि दोघांनाही समोर बसवले. मित्राला तो तिसऱ्या खेपेस जमला, मला अजून शेवटचा फेर सैल राहतो.

रुमालाची लांबी आमच्या फेट्याएवढीच असते की कमी, यावर काका आणि मित्र यांचे जमले नाही. तो दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला की आज्जांचा रुमाल हाताने मोजून येणार आहे.