आवाज ओळखीचा होता तेव्हा

ऐंशीच्या दशकात गोव्यातल्या मोरजीत फटफटी दिसायच्या आधी ऐकू यायची आणि ऐकू आली की ती कोणाची, हे घरातल्या आजीलाही सांगता यायचे. "मास्तर इले," असे ती म्हणायची आणि थोड्या वेळाने मास्तरांची राजदूत माडांमधून बाहेर पडायची. विठ्ठलदासवाड्यावर एक येझदी होती. इंजिन एका सिलिंडरचे, पण पुंगळ्या दोन, हे येझदीचे वैशिष्ट्य. त्यातली उजवी गंजून भोकसलेली असल्यामुळे तिचा सूर दुहेरी निघायचा. गावडेवाड्यावरची बुलेट भजन संपवून परतली की तिच्या ठोक्यांवरून रात्र किती झाली याचा अंदाज यायचा. गाड्या मोजक्या होत्या म्हणून आवाज ओळखीचे होते, हे तर खरेच. पण प्रत्येक आवाज वेगळा असायला आणखी एक कारण होते. त्या प्रत्येक सायलेन्सरला गावातल्याच कोणाचा तरी हात लागलेला असायचा.

त्याची सुरुवात करून दिली ती मोरजीच्या हवेने. समुद्रावरून येणारा खारा वारा बाहेरून लोखंड खातो आणि आतून खायला इंजिनच पाणी पुरवते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. गाडी लांब पल्ल्यावर तापली तर ही वाफ निघून जाते. आमच्या फेऱ्या मात्र घर ते बाजार, बाजार ते चोपडे, एवढ्याच. सायलेन्सर पुरता तापायच्या आत गाडी बंद व्हायची आणि पाणी तळाशी साचून राहायचे. वरून क्रोम चकचकीत दिसायचे, खालून पत्रा जाळीसारखा व्हायचा. चार पावसाळे काढलेला सायलेन्सर मोरजीत म्हातारा गणला जाई. नवा घ्यायचा तर फेरीबोटीने शिवोलीला उतरून म्हापसा गाठायचा आणि तिथे दुकानदाराने सांगितलेली किंमत ऐकून रिकाम्या हाताने परत यायचे. मग उरायचा एकच रस्ता: उघडा आणि दुरुस्त करा.

आमच्या वाड्यावर हे काम करणाऱ्याला सगळे मेस्त म्हणायचे. त्यांचे गॅरेज म्हणजे घरासमोरचे खळे, फणसाची सावली आणि गॅस वेल्डिंगची टाकी. टाकीत कार्बाइडचे खडे आणि पाणी पडले की उग्र वास सुटायचा आणि आम्ही पोरे गोळा व्हायचो. मेस्त सायलेन्सर दोन चिऱ्यांच्या मध्ये ठेवायचे, खडूने रेघ ओढायचे आणि हॅक्सॉने शिवणीच्या कडेने कापत जायचे. आतला भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी थक्क झालो होतो. बाहेरून साधी नळी दिसणाऱ्या त्या वस्तूच्या पोटात आडव्या पत्र्यांनी पाडलेले कप्पे होते, कप्प्यांमधून जाणाऱ्या भोके पाडलेल्या नळ्या होत्या आणि सगळ्यावर तेलकट काजळीचा थर होता. धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो, आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून परत फिरतात, एकमेकींना छेदतात आणि शेवटच्या नळीतून बाहेर पडेपर्यंत त्यांचा जोर सरतो. हे आम्हांला कोणी फळ्यावर शिकवले नाही. कापलेल्या सायलेन्सरमध्ये बोट घालून आम्ही ते शिकलो.

राजदूत आणि येझदी या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे, त्यामुळे काजळी फार धरायची. काही महिन्यांनी गाडी चढावर दम टाकू लागली की बॅफल काढायची वेळ झाली असे समजायचे. सायलेन्सरच्या शेपटाकडचा बोल्ट सोडवून आतली नळी पक्कडीने ओढायची. ती सहजासहजी येत नसे. पिळून, ठोकून, तेल सोडून बाहेर काढावी लागे. मग करवंट्यांचा जाळ करून ती त्यात टाकायची. आधी निळसर धूर यायचा, मग तेल पेट घ्यायचे आणि शेवटी नळी लाल व्हायची. थंड झाल्यावर चिऱ्यावर आपटली की काजळीची काळी टरफले गळून पडायची. राहिलेली भोके तारेने मोकळी करायची आणि नळी परत जागेवर बसवायची. पहिल्या किकला गाडीचा घसा साफ झालेला कळायचा. घरच्या घरी सायलेन्सरवर काम करणे म्हणजे काय, याचा आमचा पहिला धडा हा होता.

दुसरा धडा मोहाचा होता. 1985 मध्ये यामाहा आरएक्स 100 आली आणि पेडणे तालुक्यातल्या तरुणांची झोप उडाली. फक्त 98 सीसीचे इंजिन, पण ताकद 11 अश्वशक्तीची. 346 सीसीच्या बुलेटची ताकद 18 अश्वशक्ती होती, यावरून त्या लहानशा गाडीचे नवल लक्षात यावे. तुये, पार्से, मांद्रे अशा गावांत एकेक आरएक्स दिसू लागली आणि बॅफल साफ करायला काढलेली काही पोरे ती परत बसवेनात. रिकाम्या नळीतून येणारा आवाज मैलभर जायचा आणि पोरांना वाटायचे की गाडी उडते आहे. मेस्तांकडे असा कोणी आला की ते पाना खाली ठेवून म्हणायचे, "आवाज वाडलो म्हणून जोर वाडना रे, बाबू."

त्यामागचे विज्ञान मला पुढे वाचनातून समजले. अशा टू-स्ट्रोक इंजिनाला धूर सोडणाऱ्या झडपा नसतात. जळालेला धूर बाहेर जात असतानाच ताजे मिश्रण आत येते आणि त्यातले थोडे धुराच्या मागोमाग निसटून जाते. ते अडवायचे काम सायलेन्सर करतो. नळी पुढे रुंदावत जाते तिथून कमी दाबाची लाट परत येऊन सिलिंडर रिकामा करायला मदत करते. नळी निमुळती होते तिथून जास्त दाबाची लाट उलटते आणि निसटलेले मिश्रण दार बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरात ढकलते. दोन्ही लाटा वेळेवर पोचायच्या तर नळीची लांबी आणि उतार मापातच हवेत. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी हे माप पन्नाशीच्या दशकात इतके पक्के केले की 1961 साली त्यांच्या 125 सीसीच्या शर्यतीच्या इंजिनाने 25 अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे निसटला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि ही विद्या जपानला पोचली. 1962 मध्ये सुझुकीने 50 सीसीचे विश्वविजेतेपद मिळवले ते त्याच बळावर. आरएक्सच्या पत्र्याआड त्याच विद्येचा सुळका होता. बॅफल काढून पोरे आवाज वाढवत होती आणि इंजिनाचा तोल मात्र बिघडवत होती. गाडी वरच्या वेगाला किंचाळायची आणि चोपडेच्या चढावर, दोन माणसे बसलेली असताना, खालच्या गिअरमध्ये रडायची.

मेस्तांनी काडेन यांचे नाव ऐकले असेल असे मला वाटत नाही. त्यांच्याजवळ कान होता आणि प्लग वाचायची नजर होती. गाडी चांगली पळवून आणायला लावायची, चालत्या वेगातच इंजिन बंद करायला सांगायचे आणि गरम प्लग फडक्यात धरून तळहातावर घ्यायचा. टोक पांढरे पडले असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन तापून पिस्टन धरायची भीती. काळे आणि ओले असेल तर पेट्रोल जास्त. बिस्किटासारखा बदामी रंग आला की मेस्त खूश. सायलेन्सर थोडा मोकळा केला की हवेचे गणित बदलते, मग कार्ब्युरेटरमधला जेट एक नंबर मोठा टाकावा लागतो. तो टाकून पुन्हा फेरी, पुन्हा प्लग. एका सायलेन्सरच्या मागे अख्खा रविवार जायचा. संध्याकाळी गाडी मालकाच्या हाती देताना मेस्त डोळे मिटून तिचा संथ ठोका ऐकायचे आणि मगच पैशांचे बोलायचे.

शिवोली–चोपडे फेरीबोट हे या सगळ्याचे प्रदर्शनच होते. बोट काठाला लागायच्या आधीच किका मारल्या जायच्या. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला पेटते, म्हणून मिनिटाला सहा हजार फेरे झाले की सेकंदाला शंभर स्फोट होतात आणि तीक्ष्ण सूर निघतो. बुलेट दोन फेऱ्यांतून एकदाच पेटते आणि उभी असताना सेकंदाला जेमतेम सात ठोके देते. फळी खाली पडेपर्यंत हे सगळे सूर नदीवर मिसळायचे आणि कोणाच्या गाडीचे टायमिंग चुकले आहे यावर काठावरची माणसे आपापले मत द्यायची.

पूल झाला आणि शिवोलीची ती फेरीबोट गेली. 1996 मध्ये आरएक्स 100 चे उत्पादन थांबले आणि त्याच वर्षी म्हैसूरचा येझदीचा कारखानाही बंद झाला. धुराचे नियम कडक होत गेले, फोर-स्ट्रोक गाड्यांचे राज्य आले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 लागू झाले आणि इंजिनाचा कारभार कार्ब्युरेटरकडून सेन्सर आणि संगणकाकडे गेला. आज गाडीच्या धुराच्या वाटेवर ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसलेला असतो आणि विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. हे फार चांगले झाले. आमच्या फेरीबोटीवर जो निळा धूर आम्ही प्रेमाने नाकात घ्यायचो, त्यात न जळलेल्या पेट्रोलचा आणि तेलाचा मोठा वाटा होता. तो धूर आज माझ्या नातवंडांच्या छातीत जात नाही, याचे मला समाधान आहे.

हळहळ वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. आज सायलेन्सर कुरिअरने घरी येतो. त्याची नावेही ठरलेली आहेत: इंदोरी, पंजाब, गोल्डस्टार, डॉल्फिन. क्लॅम्प सोडवायचा, जुना काढायचा, नवा सरकवायचा, बोल्ट आवळायचा; चहा थंड व्हायच्या आत काम संपते. आतला आवाज दाबणारा तुकडा, ज्याला पोरे डीबी किलर म्हणतात, तो त्याच बैठकीत बाहेर येतो. मग बुलेटची चावी चालत्या गाडीत बंद-चालू करून न जळलेले मिश्रण तापलेल्या नळीत पेटवायचे आणि फटाके काढायचे. घरी सायलेन्सर बदलणे तेव्हापेक्षा आज कितीतरी सोपे आहे आणि म्हणूनच त्यातून शिकायला मिळणारे कमी झाले आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, सेन्सरचा हिशोब चुकला, मीटरवर पिवळा दिवा लागला, तरी पोराला वाटते की गाडी जोरात पळते आहे. मेस्तांचे ते वाक्य त्याला ऐकवायला कोणी उरलेले नाही.

आणि ज्या गावात हा आवाज घुमतो ते गावही बदलले आहे. मोरजीत आता हिवाळाभर परदेशी आणि परराज्यातली माणसे असतात, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या गाड्या रात्रभर फिरतात, आणि 5 जानेवारी 2023 ला मोपा विमानतळावरून विमाने उडू लागल्यापासून पेडण्याचे रस्ते झोपतच नाहीत. नदीपलीकडे वागातोरला देशभरातले बुलेटस्वार मेळ्यासाठी जमतात. या गर्दीत एखादी गाडी कानठळ्या बसवत गेली तर आजी उठून बसते, पण कोण गेले ते तिला सांगता येत नाही. पूर्वी आवाजाला नाव होते, घर होते, म्हणून त्याला मर्यादाही होती. मास्तरांनी रात्री बॅफलशिवाय गाडी नेली असती तर सकाळी देवळात कोणीतरी त्यांना विचारले असते.

ती मर्यादा आता कायद्याला पाळायला लावावी लागते. कारखान्यातून निघणाऱ्या 80 ते 175 सीसीच्या मोटारसायकलीला 77 डेसिबलची आणि त्याहून मोठ्या गाडीला 80 डेसिबलची कमाल मर्यादा आहे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, हे ध्यानात घेतले की डीबी किलर काढण्याचा अर्थ कळतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात आवाजाच्या पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, शिवाय परवानाही तीन महिने जातो. महाराष्ट्रातल्या शहरांत जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवला जातो. गाड्यांना आवर घालायला मोरजीत याहून मोठे कारण आहे. 2011 च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, गालजीबाग आणि आगोंद हे किनारे कासवांच्या विणीची ठिकाणे म्हणून नावानिशी नोंदलेले आहेत. तेंबवाड्याच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले मादी रात्री अंडी घालायला येते आणि उजेड, वर्दळ दिसली की न घालताच समुद्रात परत जाते. त्या किनाऱ्यालगत दिवे फेकत, फटाके फोडत गाडी नेणाऱ्याला गावाने स्पष्ट शब्दांत थांबवले पाहिजे, असे माझे मत आहे.

तरीही या पोरांवर माझा राग नाही. यंत्राची ओढ तीच आहे, जी आम्हांला मेस्तांच्या खळ्यात खेचून न्यायची. काही तरुण आज जुन्या आरएक्स आणि येझदी उघडून पुन्हा उभ्या करतात. ते मूळ मापाचा सायलेन्सर शोधत हिंडतात, बॅफल जाळून साफ करतात, प्लगचा रंग पाहतात. त्यांच्या गाड्या मोठ्याने ओरडत नाहीत, पण रस्त्यावरून गेल्या की मान आपोआप वळते. त्यांच्यापैकी कोणी आपल्या वाड्यावरच्या चार पोरांना शेजारी बसवून घ्यावे आणि गंजलेला एखादा सायलेन्सर मधोमध कापून दाखवावा. पेडण्याच्या आयटीआयमध्येही असा कापलेला सायलेन्सर टेबलावर ठेवायला खर्च काहीच येणार नाही. गाडीच्या आवाजात काय काय असते हे ज्याला कळले, त्याला तो आवाज दुसऱ्याच्या कानावर लादावासा वाटत नाही. म्हणून मोरजीतल्या पोरांनी सायलेन्सर बदलण्याआधी तो एकदा उघडून पाहावा, एवढेच माझे मागणे आहे.